आमचे तंबोरे कोणी वाहिले?

परवा शिकवणीला येणाऱ्या एका मुलाने भूपाचे पलटे असे काही उरकले की माझ्या तोंडून सहज निघून गेले, "अरे, वेठ मारतोस काय?" मुलगा चुणचुणीत. त्याने लगेच विचारले, "सर, वेठ म्हणजे काय?" हैदराबादेत जन्मलेल्या आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला हा शब्द ठाऊक नसावा यात नवल नाही. नवल वाटले ते माझेच. अर्थ सांगायला तोंड उघडले आणि मी अडखळलो.

मन न लावता कसेबसे उरकलेले काम, हा अर्थ मला पाठ होता. पण वेठ म्हणजे मुळात दाम न देता, सक्तीने करवून घेतलेली मजुरी. आता गंमत पाहा. ज्याने फुकट राबवून घेतले त्याची तक्रार आपल्या भाषेने जपून ठेवली आहे: हा माणूस मनापासून राबत नाही! जो राबला त्याचे म्हणणे त्या वाक्प्रचारात कुठेच नाही. दुसरा वाक्प्रचार 'वेठीस धरणे'. तो हल्ली वर्तमानपत्रांत बहुधा संप करणाऱ्या कामगारांविषयी वापरला जातो. त्यांनी म्हणे जनतेला वेठीस धरले. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेठ वाहिली, वेठीला धरण्याचा आरोप पुन्हा त्यांच्याच नातवांवर. भाषा काही विसरत नाही असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण ती कोणाच्या बाजूने आठवण ठेवते, हेही पाहायला हवे.

हा विषय आज काढण्याचे कारण १७ सप्टेंबर. दरवर्षी या दिवसासाठी मुलांकडून चार समरगीते बसवून द्या, असे सांगायला कोणी ना कोणी येतेच. आणि दरवर्षी निमंत्रणपत्रिकेवर दिवसाचे नाव काय घालावे यावर वाद होतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, एवढ्यावर सर्वांचे एकमत. पुढे वाटा फुटतात. महाराष्ट्रात हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. तेलंगणा सरकारने २०२२ साली त्याला राष्ट्रीय एकात्मतेचा दिवस म्हटले. त्याच वर्षी केंद्र सरकारने परेड ग्राउंडवर हैदराबाद मुक्ती दिन साजरा केला. २०२३ च्या डिसेंबरात राज्यात नवे सरकार आले आणि २०२४ साली दिवसाचे नाव 'प्रजा पालना दिनोत्सवम्' झाले. कम्युनिस्टांच्या मते १९४६ पासून तेलंगणात शेतकऱ्यांनी जे मिळवले त्यावर याच दिवसानंतर घाला पडला. आणि आपल्याच शहरातल्या, आपल्याच गल्लीतल्या कित्येक मुसलमान घरांना या तारखेपुढचे आठवडे आठवतात ते कत्तलींचे. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता. १९५६ पर्यंत एकाच आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या किनवट आणि उटनूर या तालुक्यांत आज एकाच सकाळी, एकाच झेंड्याखाली, दोन वेगळ्या नावांचे दिवस साजरे होतात.

या सर्व नावांमागे एकच प्रश्न आहे: गुलामगिरी कोणी संपवली? सैन्याने, सत्याग्रहींनी, लाल झेंड्याने की सरदार पटेलांनी? श्रेयाची ही ओढाताण मी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. मला खटकते ते एवढेच की तीत गुलामगिरी हा शब्द सगळे वापरतात आणि तिचे वर्णन कोणी करत नाही. निजामाचे राज्य म्हणजे गुलामगिरी, एवढे म्हटले की संपले. पण त्या राज्यात शब्दशः गुलामगिरी होती. तिला नावे होती, नियम होते, वह्या होत्या.

आदिलाबादचेच पाहा. तेथे दोन प्रकार चालत. एक वेट्टी, म्हणजे आपली वेठ. अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचे सामान वाहायचे, गाडी-बैल द्यायचे, सरपण फोडायचे, कोंबडी, तूप, दूध पोचवायचे. दाम मागायचे नाही. जंगलखात्याचा साधा चौकीदारही हे हक्काने घेई. दुसरा प्रकार भगेला. लग्नासाठी किंवा बैलासाठी थोडे कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या किंवा देशमुखाच्या घरी राबायचे. व्याजाचा हिशेब धनी ठेवणार, म्हणून ते फिटत नसे, आणि बाप मेला की मुलगा जोखडाला लागे. हे गोंड आणि कोलाम यांच्या वाट्याला आले, तसेच गावकुसाबाहेरच्या माला-मादिगांच्याही.

आता हे संपले केव्हा, ते कागदावर पाहू. बेगारीविरुद्ध निजामाचे फर्मान निघाले ते १९२० च्या दशकात. भगेल्याच्या करारांवर कायद्याने निर्बंध १९४३ पर्यंत आले होते. मग १९४८ आले. १९५० साली राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बेगार निषिद्ध ठरवली. तरीही १९७५ साली वटहुकूम काढावा लागला आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा करावा लागला. त्या कायद्यात देशभरच्या अशा प्रथांची नावांनिशी यादी आहे. तीत 'भगेला'ही आहे आणि 'वेट्टी'ही. जी गोष्ट १९४८ साली संपली असे आपण दर सप्टेंबरला गातो, तिचे नाव २८ वर्षांनंतर संसदेला कायद्यात का घालावे लागले? श्रेयावर भांडणाऱ्या मंडळींनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

दुसऱ्यांना प्रश्न विचारणे सोपे असते, म्हणून आता घरचे सांगतो.

माझे वडील एका राजेसाहेबांच्या दरबारी गाणारे होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. मी त्यांना फार उतारवयात झालो, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. ऐकला मात्र रोज. १९४८ ची आमच्या घरातली आठवण दुहेरी होती. रझाकारांच्या भीतीने दारे लावून बसण्याचे दिवस संपले, हा आनंद. आणि जागिरी गेल्या, राजेसाहेबांनी गाणे आवरते घेतले, पगार थांबला, हे दुःख. दोन्ही खरे होते आणि नाना दोन्ही सांगत.

त्यांची एक आवडती गोष्ट १९४६ च्या हिवाळ्यातली होती. राजेसाहेब शिकारीला आदिलाबादच्या जंगलात निघाले आणि रात्री मुक्कामावर गाणे हवे म्हणून गाणाऱ्यांनाही बरोबर घेतले. आसिफाबाद रोड स्टेशनपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाड्या, आणि घाटात गाड्या थकल्या तेव्हा माणसे. मिरजेहून आणलेले दोन तंबोरे गवसणीत घालून, घोंगड्यांत गुंडाळून चार माणसांनी आळीपाळीने डोक्यावरून नेले. "केवढा चढ होता, पण एकाही भोपळ्याला तडा गेला नाही. मुक्कामाला पोचल्यावर गवसणी काढली तर स्वरसुद्धा फार उतरले नव्हते!" हे सांगताना नानांचा चेहरा उजळे.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा असेन. एकदा विचारले, "नाना, त्या माणसांना काय दिलेत?"

नाना म्हणाले, "द्यायचे काय? ती वेठीची माणसे."

ते कठोर नव्हते. दारी आलेल्या फकिराला रिकाम्या हाताने परत न पाठवणारा माणूस. त्यांच्या दृष्टीने त्या उत्तरात लपवण्यासारखे काही नव्हते, आणि मला खरा धक्का बसला तो त्याच गोष्टीचा. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "त्यातला एक जण रात्री तंबूबाहेर बसून गाणे ऐकत होता. शिपायाने त्याला उठवले." त्यानंतर ती शिकारीची गोष्ट त्यांनी मला पुन्हा कधी सांगितली नाही. त्या दोनपैकी एक तंबोरा माझ्या घरी आहे. त्यावरच मी शिकवतो.

पुढे संगीताच्या परीक्षा घेण्याच्या निमित्ताने आदिलाबादला जाणे होऊ लागले, आणि एका पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेलो. मेस्राम कुळाची ही जत्रा. तिथल्या दरबारात गोंड लोक अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडतात. ही दरबाराची पद्धत १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्या काळापासून चालत आली. मी गेलो होतो किंगरी ऐकायला. प्रधान हे राजगोंडांचे परंपरागत गायक. हिरासुका पाटालीर हा त्यांचा आद्य गायक. गोंडांच्या कुळकथा तेच गातात. त्या कथांमध्ये मुख्य कथा अशी, की गोंडांचे देव गुहेत कोंडले जातात आणि पहांदी कुपार लिंगो त्यांना सोडवतो. कोंडलेपण आणि सुटका यांवरच ज्या समाजाची उत्पत्तिकथा उभी आहे, त्याला मुक्ती म्हणजे काय ते आपण शिकवण्याची गरज नाही.

आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आदिलाबादचे प्रधान घरी मराठी बोलतात. तेव्हा मला दुभाष्या लागला नाही. एका वृद्ध किंगरीवाल्याशी बसून तारा, गज, कमान यांवर बोलणे झाले आणि मग मी वेठीचे विचारले.

"होती जी. माझ्या बापानं लय वाह्यली."

"संपली केव्हा?"

"तारीख नाय ठावं. एक दिशी चपराशी आला, कोंबडा दे म्हणे. बाप म्हणाला, दाम दे, मंग ने. त्या दिशी संपली." थोडे थांबून तो हसला. "मंग चार दिसांनी पाच जण आले. परत सुरू झाली. परत संपवली. असं तीनदा झालं."

मला वाटते, इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा हे उत्तर नेमके आहे. फर्मान, कायदा, सैन्य, घटना, पुन्हा कायदा, हा जो कागदावरचा क्रम मी वर दिला, त्याचीच ही दुसरी बाजू. प्रत्येक कागदाच्या आधी आणि नंतर कोणीतरी कोंबडा द्यायला नकार दिला होता. कागद निरुपयोगी होते असे मी म्हणत नाही. नकार देणाऱ्याच्या पाठीशी कागद असला की दुसऱ्या खेपेला पाच जण येत नाहीत. पण संपवण्याचे पहिले पाऊल कोणाचे, हे त्या म्हाताऱ्याला पक्के ठाऊक होते.

कोमरम भीमाच्या बाबतीतही हेच आहे. बारा गावांचा हक्क मागत, जंगलखाते आणि महसूल यांच्याविरुद्ध उभा राहिलेला हा गोंड पुढारी १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात साथीदारांसह पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. त्याच्या मृत्यूची तारीख वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी छापलेली आढळते. गोंडांना त्याची अडचण नाही. ते दर आश्विन पौर्णिमेला जोडेघाटला जमतात. तारीख की तिथी हा वाद आपल्याकडे शिवजयंतीमुळे ओळखीचा आहेच. पण भीमाचे स्मरण आता सर्वांना हवे आहे. २०१६ साली त्याच्या नावाचा जिल्हा झाला. २०२२ च्या 'आरआरआर' चित्रपटात तो निजामाशी न लढता इंग्रजांशी लढतो, आणि १९२४ सालीच मारल्या गेलेल्या अल्लुरी सीताराम राजूचा जिवलग मित्रही होतो. त्याआधी २०२० साली जाहिरातीत त्याच्या डोक्यावर टोपी कोणती, यावरून आदिलाबादेत वादळ उठले होते. टोपीवर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या शतांशानेही त्याच्या मागणीवर झाली नाही. भीमानंतर सरकारला जाग आली, हायमेंडॉर्फ यांना पाहणीस नेमले गेले, पट्टे वाटले गेले, १९४३ साली मारलवाईला शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची पहिली पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. हायमेंडॉर्फ पती-पत्नींची समाधी आज मारलवाईलाच आहे आणि गोंड तिची राखण प्रेमाने करतात. उपकाराची आठवण ठेवण्यात ते कमी पडत नाहीत. पण जोडेघाट नसते तर मारलवाई झाले असते काय?

असे वाद इतरत्रही चालू आहेत. इंग्लंडने १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामी रद्द केली, त्याबद्दल स्वतःची पाठ पुष्कळ थोपटून घेतली. कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला होता, हे सहसा सांगितले जात नाही. त्या वेळी दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, ती गुलामांच्या मालकांना. गुलामांना काही नाही. हे वाचून आपण इंग्रजांना हसतो. पण १९४९ साली हैदराबादेत जागिरी रद्द झाल्या तेव्हा जागीरदारांना मोबदला ठरवून देण्यात आला, आणि त्यांची वेठ वाहणाऱ्यांना, भगेल्यांना काय मिळाले? २०२० साली ब्रिस्टलच्या लोकांनी एका गुलाम-व्यापाऱ्याचा पुतळा ओढून पाण्यात टाकला तेव्हा पुतळा पाडणे योग्य की अयोग्य यावर जगभर चर्चा झाली. माझा प्रश्न साधा आहे: आमच्याकडे तर पुतळाही नाही. आमच्याकडे वह्या आहेत, हवेल्या आहेत, तंबोरे आहेत. त्यांचे काय?

येथे काही वाचक नाराज होतील. ते म्हणतील, अहो, निजामाच्या राज्यात आपण मराठी माणसेच दबलेली होतो. शाळेसाठी परवानगी मागावी लागे, सभेसाठी परवानगी मागावी लागे. विवेकवर्धिनी कशी उभी राहिली ते आठवा, १९३८ चा सत्याग्रह आठवा, स्वामी रामानंद तीर्थांचा तुरुंगवास आठवा. हे सर्व मी आठवतो आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. त्यात रतिभरही कमी करायचे नाही. पण वरून दाबला जाणारा माणूस खाली दुसऱ्याला दाबत नसतो, असे थोडेच आहे? देशमुख, देशपांडे, पटवारी, सावकार ही नावे कोणत्या घरांची होती? सगळी आपली नव्हती. पण आपली होती. पेशव्यांच्या दफ्तरात कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, त्या काही निजामाने लिहिलेल्या नाहीत. आणि हे उघडपणे बोलण्याची सुरुवातही मराठीतच झाली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामी रद्द करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. दूरच्या देशातले जोखड पाहून स्वतःच्या अंगणातले ओळखायचे, ही वाट त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवली.

दुसरा आक्षेप असा, की आजोबांच्या वागण्याबद्दल नातवाने मान का खाली घालावी? मीही मान खाली घालायला सांगत नाही. दोष वारशाने येत नाही हे मान्य. पण ऋण येते. आम्हा गाणाऱ्यांत गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची रीत आहे. चार पिढ्यांमागच्या, न पाहिलेल्या उस्तादाचे नाव निघाले तरी हात आपोआप वर जातो, कारण आपल्या गळ्यातले काही त्यांचे आहे. ज्यांनी तंबोरा वाहिला त्यांचेही माझ्या गाण्यात काही आहेच. त्यांचा पाय घाटात घसरता तर आज माझ्या घरी तो भोपळा नसता. हवेली माझी, घराणे माझे, मानपत्रे माझी आणि वेठ मात्र निजामाची, असा वारसा वाटून घेता येणार नाही.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून बाडे पडलेली आहेत. मोडी, उर्दू, मराठी. देण्याघेण्याच्या वह्या, गुमास्त्यांची पत्रे. घरे पाडून इमारती उठताहेत आणि ती रद्दीत जाताहेत. रद्दीवाल्याला देण्याआधी कोणाला तरी वाचायला बोलवा. एखाद्या पानावर 'भगेला अमका, कर्ज इतके, मुलगा कामास' अशी ओळ सापडली तर ती फाडू नका. तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागाराला किमान तिची प्रत द्या. कदाचित त्या माणसाचे नाव जगात तेवढ्याच एका ओळीत उरलेले असेल, आणि त्याच्या नातवाला ते कोठेच मिळत नसेल. १७ सप्टेंबरला काय नाव द्यायचे ते सरकारे ठरवोत. आपण त्या दिवशी सभेत समरगीतांबरोबर असे एखादे पान मोठ्याने वाचले, तर मुक्ती कशापासून झाली हे निदान मुलांना कळेल.

मी माझ्यापुरते सुरू केले आहे. माझ्याकडे वही नाही आणि त्या चौघांची नावेही नाहीत. नानांनी ती कधी विचारलीच नव्हती. त्या मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी वेठीचा अर्थ नीट सांगितला, तंबोऱ्याची गोष्टही सांगितली. त्याने तंबोऱ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "सर, मग तो माणूस पुन्हा ऐकायला आला का?"

मला ठाऊक नव्हते. आम्ही तंबोरा लावला आणि भूप पुन्हा पहिल्यापासून घेतला.